बिनफोडणीचं घर

माझं तोंड बंद झालं आणि आमचं घर सुरळीत चालू लागलं. मला पहिला संशय आला तो यावरूनच.

तोंड बंद म्हणजे खरंच बंद. माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे आलेला. समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. बोर्डीला आमची चिकूची वाडी, पेरू-आंबे सगळं दारात. पण पेरूचा सरळ चावा मी छत्तीस वर्षांत घेतला नव्हता, दाढेने कुरतडायचे. शाळेत पोरं मला 'फळी' म्हणायची. तेही चालवून घेतलं असतं, पण गेली काही वर्षं कानाजवळचा सांधा टकटक वाजायला लागला आणि जेवण म्हणजे शिक्षा झाली. डहाणूच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी दातांना तारा, मग मुंबईला ऑपरेशन. दोन्ही जबडे कापायचे, जागेवर सरकवायचे, पट्ट्या आणि स्क्रू मारून बसवायचे. मी हो म्हणाले. दुखत होतं म्हणून म्हणाले, आणि फोटोत हनुवटीसमोर हात धरून धरून कंटाळले होते म्हणूनही. खोटं कशाला सांगू?

सासूबाईंना, म्हणजे हिरकणीबाईंना, हे अजिबात मान्य नव्हतं. "चालता-बोलता माणूस हाड कापून घेतो काय? देवानं दिला तो तोंड," हे त्यांचं पालुपद. आणि याच बाई मला बघायला आल्या होत्या तेव्हा आमच्या तळासरीच्या घराच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या होत्या, "पोरगी बरी हाय, पण हनुवटी भांडखोर दिसते." मी खिडकीतून ऐकलं होतं. हनुवटीनेही त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. लग्न झाल्यापासून आम्हा दोघींचा बिनभांडणाचा दिवस क्वचितच गेला असेल. मीठ कमी का, मोटर चालू का, हेत्वीची वेणी घट्ट का, कारणांना तोटा नव्हता.

वाडीचा व्यवहारही माझ्याच तोंडावर चालायचा. व्यापाऱ्याशी फोनवर हुज्जत घालायची मी, टेम्पोवाल्याला झापायचं मी. माझा नवरा तुषार म्हणजे गरीब गाय. "बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे आंबेही खपत नाहीत," असं मी त्याला येताजाता ऐकवायचे.

आणि आता मीच न बोलणारी झाले. वरच्या-खालच्या दातांच्या तारांना बारीक रबरं अडकवून डॉक्टरांनी माझं तोंड शिवल्यासारखं बंद केलं. काही आठवडे फक्त पातळ खायचं, तेही पिचकारीला नळी लावून गालाच्या फटीतून सोडायचं. चेहरा सुजून कलिंगड झालेला, निळा-पिवळा रंग गळ्यापर्यंत उतरलेला. खालचा ओठ आणि हनुवटी पूर्ण बधिर. लाळ गळली तरी कळायचं नाही, ओढणी ओली लागली की समजायचं. उलटी झालीच तर रबरं कापायला एक छोटी कात्री दोऱ्याने गळ्यात अडकवलेली. बोलायचं ते फोनवर टाइप करून दाखवायचं.

मुंबईहून घरी आणलं तेव्हा सासूबाई ओटीवर उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. मला वाटलं, आता 'मी सांगितला होता' सुरू होणार. नाही झालं. त्यानंतर तापाची कणकण आली, अंगावर, गळ्यावर लाल पुरळ उठला. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी मानवत नाहीये, बदलून देतो. गोळी बदलली, ताप गेला, पुरळही उतरला. तेवढ्या गडबडीतही सासूबाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. पायाशी येऊन उभ्या राहिल्या, अंगावरचे लाल ठिपके बघितले आणि हात जोडल्यासारखं करून निघून गेल्या. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या दिवसापासून घराची चालच बदलली.

पहिलं म्हणजे वास गेले. जेवता येत नाही त्या माणसाचं नाक कुत्र्याचं होतं. मी उशांना टेकून बसलेली, नाकाशिवाय दुसरा उद्योग काय? आणि आमच्या घरात वास कसले येत होते? भाताचा. पेजेचा. बस्स. थंडीचे दिवस, झाईच्या बंदराला होड्या लागत होत्या, मासळीवाली सकाळी हाक मारून जायची. आणि ज्या घरात तव्यावर बोंबील पडल्याशिवाय तुषारच्या घशाखाली घास उतरत नाही, त्या घरात लसणाची एक फोडणी बसत नव्हती. मोहरीचा एक तडका ऐकू येत नव्हता. माझ्या पिचकारीत यायची ती नागलीची आंबील, मुगाचं पाणी, चिकूचं दूध. नीट गाळलेलं, पण सगळं बिनफोडणीचं.

मी तुषारला टाइप करून विचारलं, "तुम्ही लोक जेवता काय?"

"जेवतो की. डाळभात," तो म्हणाला आणि पंख्याकडे बघायला लागला. तुषारला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायचं असलं की तो पंख्याकडे बघतो.

दुसरं म्हणजे, तो माझ्या खोलीत झोपत नव्हता. आल्यापासून त्याचं अंथरूण बाहेर पडवीत. "तुला नीट झोप लागावी म्हणून," हे कारण. मला झोप तशीही लागत नव्हती, बसून कोण झोपतं? पण मी आरशात बघितलं होतं. सूज उतरत होती आणि खालून एक परकी बाई वर येत होती. हनुवटी आत, ओठ वेगळे, नाकसुद्धा थोडं बदललेलं. मला ती आवडते की नाही हे माझंच ठरत नव्हतं. तुषारला ती बघवत नसेल, असं मनात आलं आणि गेलं नाही.

तिसरं, केस. सासूबाई कोणाला माझ्या केसांना फणी लावू देईनात. हेत्वी, माझी अकरा वर्षांची लेक, फणी घेऊन आली तर त्यांनी तिच्या हातातून काढून घेतली. "राहू दे आता. मग बघू." केसांच्या जटा होत आल्या होत्या. चौथं, दाराला आणि माझ्या उशाशी कडुलिंबाचे डहाळे. ते मी डासांसाठी समजले. गळ्यातल्या कात्रीकडे मात्र त्या मान हलवून बघायच्या. "लोखंड हाय, बरा हाय."

आणि पाचवं, संध्याकाळ.

दिवेलागण झाली की घर रिकामं व्हायचं. आधी सासूबाई पदराखाली काहीतरी झाकून निघायच्या. मग हेत्वी, "आजीच्या मागे जाऊन येते." मग तुषार, "जरा मोटर बघून येतो." मोटर काय रोज बिघडते? वाडीच्या टोकाला आमची चिकू भरायची शेड आहे. तिथे गंजाड गावची कमळी नवऱ्यासोबत राहते. दोघं वर्षानुवर्षं आमच्या वाडीत कामाला. त्या बाजूने वाऱ्यावर हसण्याचे आवाज यायचे. एकदा तुषार परत आल्यावर माझी उशी नीट करायला वाकला आणि त्याच्या बोटांना तळलेल्या बोंबलाचा वास आला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने हात सोडवून घेतला आणि हात धुवायला गेला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. काय मुरत होतं तेही मला कळलं होतं, किंवा तसं वाटत होतं. हे घर माझ्या आवाजातून सुटलं होतं. चिकूचे क्रेट वेळेवर जात होते. व्यापारी तुषारशी गोड बोलत होता. हेत्वी न ओरडता अभ्यासाला बसत होती. भांडण नाही, आदळआपट नाही. मला एका खोलीत पातळ पाजून ठेवायचं आणि आपण शेडमध्ये जमून चमचमीत खायचं, हसायचं. रबरं निघतील आणि ही परत सुरू होईल, याचीच यांना धास्ती असेल. मला मनापासून भीती वाटली ती याचीच. चेहऱ्याची नाही. तोंड उघडेल तेव्हा माझं बोलणं कोणालाच नको असेल, याची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

त्यात माझी धाकटी बहीण दक्षा एकदाही आली नव्हती. तळासरीहून बोर्डी म्हणजे काही परदेश नाही. न राहवून मी तिला मेसेज केला, "बहीण मेली की येणार आहेस का?"

तिचं उत्तर लगेच आलं. "मी आले होते. दोनदा. तुझ्या सासूने फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, कोणी भेटायचं नाही. मला वाटलं तूच नको म्हणालीस, चेहऱ्यामुळे."

अंगाची लाही लाही झाली आणि ओरडता येईना. दातांवर दात आधीच बांधलेले, खायलाही मिळेना आणि चावायलाही. मी दक्षाला लिहिलं, "उद्या सकाळी गाडी घेऊन ये. मला ने. विचारू नकोस." मग पिशवी काढली. दोन गाऊन, औषधं, पिचकारी, रबरांची पाकिटं. मनात सासूबाईंना सांगायच्या शब्दांची जुळवाजुळव चालू होती. तोंड उघडल्यावर बोलायचं म्हणून मी आल्यापासून ती करत होते. आता भाषण पाठच झालं होतं.

पण जायच्या आधी मला ते बघायचं होतं.

त्या संध्याकाळी तिघंही गेल्यावर मी ओढणी तोंडावर घेतली आणि मागच्या दाराने निघाले. इतके दिवस बसून पायांत जीव नव्हता. चिकूच्या झाडांना धरत धरत गेले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, पाटाचं पाणी दिसत होतं. निम्म्या वाटेवरच वास आला. लसूण, हळद, तांदळाच्या पिठात घोळवलेले ओले बोंबील. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि ते ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळलं, मला कळलंही नाही.

मी शेडच्या मागच्या बाजूला क्रेटच्या थप्पीआड उभी राहिले.

कमळी चुलीवर तवा ठेवून बसली होती. तिचा नवरा लडक्या दाराशी. तुषार उलट्या क्रेटवर ताट घेऊन. सासूबाई भिंतीला टेकून. मध्ये हेत्वी उभी होती. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते, हनुवटी पुढे काढली होती. माझी जुनी हनुवटी.

"मोटर बंद केलीस का? केलीस म्हणजे कधी केलीस? आणि मग पाणी कोणाच्या बापाचं वाहतंय?"

हुबेहूब मी. सगळे हसले. कमळी तर तोंडाला पदर लावून हसली. तुषार मान खाली घालून हसत होता. आणि सासूबाई, डोळे पुसत, पोरीला म्हणाल्या, "अजून कर. तो टेम्पोवाल्याचा कर."

मला वाटलं, संपलं. संशयाला पुरावा हवा होता, मिळाला. माझीच पोर, माझीच नक्कल, माझ्या पाठीमागे, आणि वर माशाचं जेवण. मागे फिरावं की पुढे जावं हे ठरवलंही नाही. पायांनीच पुढे नेलं. मी ओढणी खाली केली आणि उजेडात जाऊन उभी राहिले.

कमळीने मला आधी बघितलं. "अगं बाय! वहिनी!"

हेत्वीचे हात कमरेवरून गळून पडले. तुषार ताटासकट उठला. पण सासूबाईंचं मी कधीच विसरणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "विझव! कमळे, विझव आधी!" असं ओरडत त्यांनी स्वतःच पाण्याची कळशी उचलून चुलीत ओतली. धूर आणि राख सगळीकडे उडाली. मग त्या माझ्याकडे धावल्या. आता ही बाई मला मारते, असं वाटून मी हात वर केला.

त्या खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, चुकला," त्या म्हणाल्या. "घरात नाय केला काय पण. उंबऱ्याच्या आत फोडणी नाय पडली. पोरांना भूक लागते म्हणून इथं लांब केला. काय करायचा ता माझ्यावर काढ. हिच्यावर नको काढू. ही लेकुरवाळी हाय."

माझ्याच पायांवर डोकं ठेवून त्या मला 'ही' म्हणत होत्या. मग 'आई' कोणाला?

तुषारने त्यांना उठवलं, कमळीजवळ बसवलं. मला क्रेटवर बसवलं आणि पहिल्यांदाच पंख्याकडे न बघता बोलला. तिथे पंखा नव्हताच म्हणा.

"आईला वाटतंय तुला देवी आल्यात," तो म्हणाला. "त्या दिवशी ताप आला, अंगावर उठलं, तोंड सुजलेलं. मी सांगितलं, गोळीचं आहे. ती म्हणाली, अंगावरून उतरली पण तोंडात बसली. तोंड उघडेपर्यंत पथ्य. घरात फोडणी नाही, मासळी नाही, बाहेरच्या माणसाची सावली नाही, केसाला फणी नाही. नवऱ्याने खोलीत झोपायचं नाही. आणि देवीचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की मुक्काम वाढवते. आम्हा सगळ्यांना शपथ घातली."

माझ्या वडिलांचं तळासरी नाक्यावर औषधांचं दुकान. आमच्याकडे कांजण्या आल्या तर गुलाबी औषध कापसाने लावायचं आणि पोराला गप्प झोपवायचं, एवढंच. हे सगळं मला कसं सुचावं? मी टाइप केलं, "आणि तू मानलंस?" अक्षरं चुकत होती.

"मयू, माझ्याआधी आईला एक मुलगी होती. चिमी."

एवढं मला माहीत होतं. देवघराजवळ एक धूसर फोटो आहे, त्याला गोकुळाष्टमीला फूल असतं.

"चार वर्षांची होती. गोवर आला होता. सातव्या-आठव्या दिवशी बरी वाटत होती. अप्पा म्हणाले, कंटाळलो पेज खाऊन, मासे तळ. आईने तळले. त्याच संध्याकाळी चिमी गेली. माझी आजी, अप्पांची आई, शेवटपर्यंत तिला म्हणत राहिली, तुझ्या तव्याने नेली. मी काय सांगू आईला? तूच सांग, काय सांगायचं?"

मला सांगता येत होतं. मी औषधवाल्याची मुलगी. मी भराभरा लिहिलंसुद्धा, गोवरात न्युमोनिया होतो, त्याचा आणि फोडणीचा काडीचा संबंध नाही, मला कुठली देवी नाही, माझ्या तोंडात स्क्रू आहेत, एक्स-रे दाखवते. सगळं लिहून झालं. फोन फक्त पुढे करायचा होता. सासूबाई विझलेल्या चुलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. ओल्या राखेतून बोंबील एकेक उचलून त्या पदराने पुसत होत्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. इतकी वर्षं या बाईने माझा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. आज मी नुसती उभी राहिले तर पायांवर पडली. कीव आली असं म्हणणार नाही. लाज वाटली, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं.

मी लिहिलेलं पुसलं. नवीन लिहिलं आणि तुषारला दाखवलं. त्याने मोठ्याने वाचलं, "चूल परत पेटवा. पोर उपाशी आहे. मी घरात जाते."

सासूबाईंनी वर बघितलं. माझ्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. मला ते त्यांच्या नजरेवरून कळलं. त्या उठल्या आणि कोरड्या पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं. मला बधिरपणामुळे पदर लागला नाही, नुसता दिसला.

घरी परतताना मी तुषारला एवढंच विचारलं, "आणि माझ्यावर हसत होतात ते?"

"आईच हेत्वीला रोज करायला लावते," तो म्हणाला. "म्हणते, घर मुकं झालंय, मला भ्या वाटतं."

हे मी अर्धंच मानलं. मला बरं वाटावं म्हणून तुषार काहीही बोलतो. मुक्या घराचं भय वाटणारी बाई वेगळी आणि भांडणातून सुटका झालेली बाई वेगळी. या दोघींपैकी हिरकणीबाई कोणती, हे मी तोंड उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

सकाळी दक्षा आली. सासूबाईंनी आज फाटक उघडलं, पण आत घेण्याआधी तिच्या पायांवर कडुलिंबाचं पाणी घातलं. दक्षाने माझी भरलेली पिशवी बघितली, माझ्या जटा बघितल्या. "चल, उठ. ही बाई वेडी आहे," ती माझ्या कानाशी पुटपुटली. मी फोनवर लिहिलं, "थांबते. रबरं निघेपर्यंत." ती चिडली. "तुझं डोकंपण कापलं काय त्यांनी?" म्हणाली आणि चहा न घेता गेली. चहा मिळणारही नव्हता म्हणा, पथ्यात तोही नव्हता.

मग मीही पथ्य पाळलं. विश्वास म्हणून नाही. संध्याकाळी तिघं निघाली की मीच हात हलवून 'जा' म्हणायचे आणि एकटी बसून शेडकडचं हसणं ऐकायचे. कान देऊन ऐकायचे. हसण्यात सुटका आहे की आठवण, हे लांबून ओळखता येत नाही, मी खूप प्रयत्न केला. तुषारने मात्र अंथरूण पडवीतून उचलून खोलीच्या उंबऱ्याबाहेर आणलं. हळूहळू त्याचे पाय उंबऱ्याच्या आत यायला लागले. सासूबाईंनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

शेवटी मुंबईला जाऊन रबरं निघाली. डॉक्टर म्हणाले, उघडा. तोंड दीड बोटभर उघडलं आणि बिजागरी गंजलेल्या पेटीसारखं अडलं. व्यायाम करा, हळूहळू बोला, मऊ खा. गाडीत तुषार म्हणाला, "बोल ना काहीतरी." मी मान हलवली. पहिला शब्द कोणासाठी राखून ठेवलाय हे मला माहीत होतं. पाठ केलेलं सगळं अजून जसंच्या तसं होतं. बहिणीला फाटकातून हाकललंत. नवऱ्याला बाहेर काढलंत. मला न विचारता मला देवी केलंत.

घरी सासूबाईंनी न्हाणीघरात कडुलिंबाचं कढत पाणी काढून ठेवलं होतं. मला न्हाऊ घातलं. मग उन्हात बसवून केस घेतले. फणी एकेका जटेत अडकायची. त्या तेल लावून, बोटांनी सोडवत, मुळाशी हात दाबून धरून विंचरत होत्या, म्हणजे ओढ बसू नये. दुपार गेली त्यात. मग त्या दहीभाताचा नैवेद्य घेऊन वाडीच्या कडेच्या कडुलिंबाखाली ठेवून आल्या, मागे न बघता. देवीची पाठवणी झाली.

आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मला हाक मारून पाटावर बसवलं. तुषार आणि हेत्वी दारात येऊन उभे राहिले. सासूबाईंनी कढई ठेवली, तेल घातलं. इतक्या दिवसांनी त्या घरात मोहरी तडतडली, तेव्हा त्यांचे खांदे दचकले. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी आहे, बसलेली आहे, याची खात्री केली. मग ठेचलेला लसूण तेलात टाकला आणि झारा हातात धरून तशाच माझ्याकडे बघत राहिल्या.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "काय काय साठवलास ता बोल. मी ऐकते."

मी तोंड उघडलं. दीड बोट. भाषण सगळं जिभेवर होतं. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या आणि मागे कढईत लसूण लाल होऊन कडेला काळा पडायला लागला होता, आणि सवय कुठे जाते?

"लसूण करपतोय," मी म्हणाले. आवाज फाटका, 'स' नुसता वाऱ्यासारखा. "लक्ष कुठंय तुमचं?"

हेत्वी हसली. सासूबाईंनी कढईकडे बघितलंसुद्धा नाही. झारा हातातच, त्या पाटासमोर मटकन खाली बसल्या आणि माझी नवी हनुवटी त्यांनी तळहातात धरली.

"करपू दे," त्या म्हणाल्या. "अजून बोल."